सत्तावीस डॉलर वीस सेंट : मंडळातल्या पालकांना खुले पत्र

स.न.वि.वि.

गेल्या महिन्यात आपल्या मंडळाने कॉलेजांची माहिती द्यायला एक संध्याकाळ ठेवली होती. शाळेच्या कॅफेटेरियात, वडापावच्या ट्रेशेजारी पडदा लावून. पडद्यावर वॉशिंग्टनचं जॉर्जटाऊन विद्यापीठ आलं तेव्हा माइक माझ्या हातात दिला गेला, कारण आमची धाकटी तिथे दुसऱ्या वर्षाला आहे. मला चार मिनिटं मिळाली. त्यात दोन प्रश्न आले आणि दोन्हींची उत्तरं मी धड दिली नाहीत.

पहिला प्रश्न पुढच्या रांगेतल्या एका काकूंचा : “कॅथलिक विद्यापीठ ना? मग पोरांना चर्चमध्ये वगैरे बसवतात का?” ‘बाटवतात’ हा शब्द त्यांनी उच्चारला नाही, पण सगळ्यांना तो ऐकू आला. दुसरा प्रश्न मागून, उभ्या असलेल्या पुरुषमंडळींतून आला : “गुलाम विकले होते ते हेच ना? पण त्याचं आपल्याला काय? आपण तेव्हा होतो कुठे?” हशा पिकला. मीही हसलो, हे कबूल करतो. तेवढ्यात वेळ संपली आणि पडद्यावर पुढचं विद्यापीठ आलं.

परत येताना गाडीत मुलगी गप्प होती. गॅरेजमध्ये गाडी लावल्यावर एवढंच म्हणाली, “बाबा, तू हसलास.” हे पत्र त्या वाक्यामुळे लिहितोय. इथे घड्याळ लावून कुणी बसलेलं नाही, तेव्हा जरा सविस्तर लिहितो.

आधी काकूंच्या प्रश्नाचं. आपल्यापैकी कितीतरी जण फादरांच्या नाहीतर सिस्टरांच्या शाळाकॉलेजात शिकले. मुंबईचं झेवियर्स, पुण्यातलं सेंट व्हिन्सेंट, पाषाणचं लोयोला ही सगळी जेझुइटांची, म्हणजे येशूसंघाची. जॉर्जटाऊनही त्यांचंच. तिकडे असताना ‘फादरांची शाळा’ म्हणजे शिस्त आणि चांगलं इंग्रजी असा आपला सरळ हिशेब होता आणि प्रवेशासाठी आपले आईबाप पहाटेपासून रांगेत उभे राहत होते. मग इथे अमेरिकेत येऊन त्याच फादरांची भीती का वाटावी, हे मला उमगत नाही. असो.

हे विद्यापीठ उभं राहिलं तेच मुळी शाळेचं दार तोंडावर बंद झालेल्या माणसांमुळे. १६३४ मध्ये इंग्लंडहून दोन जहाजं मेरीलँडला लागली, त्यांवर जेझुइट फादर होते. ही वसाहत कॅथलिक मालकाची, तेव्हा इथे सुखाने राहता येईल ही अपेक्षा. पण शतक संपायच्या आत सत्ता फिरून प्रॉटेस्टंटांकडे गेली. उघडपणे मिस्सा, म्हणजे कॅथलिकांची सामूहिक उपासना, म्हणायला बंदी आली, पुढे मतदानाचा हक्क गेला, कॅथलिकांनी शाळा चालवायचीही सोय राहिली नाही. ज्यांच्या गाठीला पैसा होता ते पोरांना समुद्रापार, आज फ्रान्समध्ये असलेल्या सेंट ओमेरच्या जेझुइट शाळेत पाठवत. जॉन कॅरल हा त्यांतलाच एक मुलगा. तिकडेच शिकला, तिकडेच जेझुइट झाला. १७७३ मध्ये पोपने येशूसंघच बरखास्त केला आणि पुढच्या वर्षी कॅरल घरी परतला. म्हणजे १७८९ मध्ये त्याने पोटोमॅक नदीवरच्या टेकाडावर कॉलेजसाठी जागा घेतली तेव्हा ज्या संघाचं हे कॉलेज म्हणून आपण ओळखतो तो संघ कागदावर अस्तित्वातच नव्हता! संघ रीतसर पुन्हा उभा राहिला १८१४ मध्ये. अमेरिकेतली सगळ्यात जुनी कॅथलिक उच्चशिक्षणाची संस्था ही. कॅरल पुढे देशातला पहिला कॅथलिक बिशप झाला. कॉलेजच्या पहिल्या आराखड्यातच त्याने लिहून ठेवलं होतं की कुठल्याही धर्मपंथाच्या विद्यार्थ्याला इथे प्रवेश असेल. स्वतः दाराबाहेर उभा राहिलेला माणूस होता तो.

इथे एक गोष्ट मध्येच सांगतो, कारण ती सांगितल्याशिवाय मला राहवत नाही. इंग्लंडमध्ये धर्मामुळे राहणं कठीण झालेल्या कॅथलिकांतलाच एक तरुण याच्या कितीतरी आधी, १५७९ मध्ये, गोव्याला उतरला होता. फादर थॉमस स्टीफन्स. साष्टीत राहून तो मराठी शिकला आणि त्याचं क्रिस्तपुराण १६१६ मध्ये राचोलला छापलं गेलं, हजारो ओव्यांचं. नंतर अठराच वर्षांनी इंग्रज जेझुइटांची दुसरी तुकडी मेरीलँडच्या किनाऱ्याला लागली. मराठीत ओव्या रचणारा फादर आणि आपल्या घराजवळच्या खाडीत होडी लावणारा फादर एकाच घरचे. पुढे जे लिहिणार आहे ते वाचताना हे लक्षात असू द्या.

आता आजचं. वर्गांत भिंतीवर क्रूस आहे. कॅम्पसच्या मधोमध डालग्रेन चॅपल आहे, तिथे रोज मिस्सा होते. जायची सक्ती कुणालाच नाही. प्रत्येकाला धर्मविषयक दोन आणि तत्त्वज्ञानाचे दोन कोर्स मात्र घ्यावे लागतात. त्यांतला पहिल्या वर्षाचा नावाजलेला कोर्स ‘प्रॉब्लेम ऑफ गॉड’. देव म्हणजे अडचण असं नाव फादरांच्या विद्यापीठात, याची मला भारी गंमत वाटली. आमच्या मुलीने त्यात निबंध लिहिला तुकोबांवर. विठ्ठलाशी भांडणारे, त्याला फैलावर घेणारे तुकोबा. प्राध्यापकांनी तिला अभंग मुळातून म्हणायला लावला आणि तिचं मराठी म्हणजे तुम्हाला ठाऊकच आहे. रात्री अकराला फोन : “बाबा, ‘कासया’ म्हणजे काय? पटकन सांग.” दहा वर्षं मंडळाच्या रविवारच्या मराठी शाळेत न विचारलेला प्रश्न तिने धर्मशास्त्राच्या वर्गापायी विचारला.

१९६८ पासून तिथे ज्यू धर्मगुरू आहेत आणि १९९९ पासून पूर्णवेळ इमाम. २०१६ मध्ये हिंदू विद्यार्थ्यांसाठी वेगळं पद निघालं. धर्मालय नावाची ध्यानाची जागा आहे, तिथे हिंदू, बौद्ध, जैन, शीख सगळेच येतात. दिवाळीला आम्ही गेलो होतो. चपला काढायचा कप्पा अपुरा पडतो, बाकी सगळं ठीक. मशीदही आहे. तिला नाव दिलंय यारो मामूत यांचं. आफ्रिकेतून पकडून आणलेला हा मुसलमान माणूस कैक वर्षांच्या गुलामीनंतर सुटला आणि याच जॉर्जटाऊन गावात घर घेऊन राहिला.

पण सगळंच गोड आहे असंही नाही. कॅथलिकपण कुठे टोचतं तेही मुलींच्या आयांना माहीत असावं. विद्यापीठ गर्भनिरोधकं पुरवत नाही. ती वाटणारा विद्यार्थ्यांचा गट आहे, त्याला अधिकृत मान्यता नाही, म्हणून तो टेबल टाकून आपल्या हिमतीवर काम करतो. मला हे पटत नाही. मुलीला तर अजिबात पटत नाही. पण संस्थेने ते लपवलेलं नाही, आणि त्यावर तिथली मुलं रोज भांडतात, फादरांशीसुद्धा. बाटवाबाटवीची चिंता असलेल्यांनी एकदा हे भांडण ऐकायला जावं.

बाकी कॅम्पस तुम्ही पाहिलाच असेल. दगडी, मनोऱ्यांची हीली हॉल ही इमारत सगळ्यांच्या फोटोत असते. तिच्या दारातच फरशीवर विद्यापीठाची मुद्रा आहे. तिच्यावर पाय पडला तर चार वर्षांत डिग्री हाती येत नाही अशी तिथली समजूत. घरी दिवाळीत रांगोळी तुडवत जाणारी आमची मुलगी त्या मुद्रेला वळसा घालून भिंतीला चिकटून गेली, हे मी डोळ्यांनी पाहिलं. मनोऱ्यावरच्या घड्याळाचे काटे रात्री वर चढून चोरायचे आणि पोपच्या पत्त्यावर पोस्टाने पाठवून द्यायचे, ही पोरांची जुनी खोड. बास्केटबॉलचं वेड आहेच. १९८४ मध्ये जॉन थॉम्पसन यांनी राष्ट्रीय अजिंक्यपद आणलं, असं करणारे ते पहिले कृष्णवर्णीय प्रशिक्षक. निळा आणि करडा हे रंग १८७६ मध्ये नौकानयनाच्या मुलांनी घेतले, यादवी युद्धातल्या दोन्ही बाजूंच्या गणवेशांचे. युद्धात उतरलेले इथले बहुतेक आजी-माजी विद्यार्थी दक्षिणेच्या बाजूने, म्हणजे गुलामगिरी राखायला निघालेल्या बाजूने लढले होते, हे टूर देणारा मुलगा सांगतोच असं नाही. मुद्रेवरचं लॅटिन वाक्य आहे ‘उत्राक्वे उनुम’, दोहोंचं एक.

तर आता मागच्या रांगेतल्या प्रश्नाकडे येतो.

१८३० च्या दशकात कॉलेजवर कर्ज चढलं होतं. मेरीलँडच्या जेझुइटांकडे रोकड कमी, पण जमिनी भरपूर होत्या, आणि त्या जमिनींवर राबणारी माणसंही त्यांच्याच मालकीची. तंबाखू, मका, गहू. शंभराहून अधिक वर्षं हेच चाललं होतं. त्या माणसांना फादर बाप्तिस्मा देत, त्यांची लग्नं लावत, मिस्सेला बसवत, आणि हिशेबाच्या वहीत बैलांबरोबर मांडत. १८३८ च्या जूनमध्ये प्रांताचे मुख्य फादर टॉमस मलेडी यांनी २७२ माणसं लुइझियानाच्या दोन मळेवाल्यांना विकायचा करार केला. किंमत १,१५,००० डॉलर. मलेडी त्याआधी कॉलेजचे अध्यक्ष होते, कर्जाचा बराच डोंगर त्यांच्याच बांधकामांचा. व्यवहारात त्यांना साथ देणारे फादर विल्यम मॅकशेरी तेव्हा अध्यक्षपदी होते. पहिल्या हप्त्याचे २५,००० डॉलर हाती आले आणि त्यातले १७,००० कॉलेजच्या कर्जात गेले.

रोमने परवानगी देताना अटी घातल्या होत्या. कुटुंबं तोडायची नाहीत, त्यांचा धर्म त्यांना पाळता यावा, आणि हा पैसा कर्ज फेडायला वापरायचा नाही. तिन्ही अटी मोडल्या. मलेडींना प्रमुखपद सोडावं लागलं, काही वर्षं ते युरोपात होते, आणि १८४५ मध्ये पुन्हा जॉर्जटाऊनचे अध्यक्ष झाले. आपल्याकडे याला बदली म्हणतात.

कराराचा कागद आज कुणालाही वाचता येतो. त्यात पहिलं नाव आहे आयझॅक, वय ६५. मग त्याचा थोरला मुलगा चार्ल्स, वय ४०. मुलगी नेली, वय ३८. आणि मग पोरंसोरं. पुढे एक बाळही आहे दोन महिन्यांचं. शाळेच्या हजेरीपटासारखी यादी आहे, फक्त वय आणि नातं. मी पहिल्यांदा वाचली तेव्हा नात्यांपाशी थांबलो. ज्याने ती लिहिली त्याला कोण कुणाचा मुलगा, कोण कुणाची लेक हे नीट ठाऊक होतं.

आता तुम्हाला आठवण करून देतो. तीन वर्षांपूर्वी उन्हाळ्यात आपली सहल न्यूटाऊन नेकला गेली होती. खाडीकाठी कयाक, शेगडीवर कणसं, लहान पोरं चिखलात. जाताना वाटेत एक छोटंसं जुनं चर्च लागलं आणि पाटी वाचून कुणीतरी ओरडलं, “अरे, सेंट फ्रान्सिस झेवियर! आपल्या गोव्याचे!” आपण गाड्या थांबवल्या. वीसपंचवीस जणांचा ग्रुप फोटो आहे त्या दारापुढे. माझ्याकडे अजून आहे. मी त्यात कणसांची पिशवी धरून उभा आहे.

ते न्यूटाऊन म्हणजे त्याच जेझुइट मळ्यांपैकी एक. सेंट इनिगोज, व्हाइट मार्श, सेंट टॉमस आणि न्यूटाऊन, या ठिकाणांहून माणसं नेली. १८३८ मध्ये न्यूटाऊनला फादर पीटर हॅव्हरमन्स होते. लोकांना न्यायला आले तेव्हाचं जे त्यांनी पाहिलं ते त्यांनी रोमला लिहून कळवलं. ते पत्र टिकलंय. एक गरोदर बाई शेवटचा नमस्कार करायला, आशीर्वाद मागायला त्यांच्यापुढे आली. गुडघे टेकून म्हणाली, कुणी कधी आशा सोडावी अशी वेळ असेल, तर ती आज माझ्यावर आली नाही का? कुठल्या दिवशी बाळंत होईन माहीत नाही, वाटेत की समुद्रावर तेही माहीत नाही. माझं काय होणार? मी असं काय केलं? फादरांनी तिला सांगितलं, देवावर विश्वास ठेव. पुढे ‘कॅथरिन जॅक्सन’ नावाच्या जहाजाने बरीच माणसं अलेक्झांड्रियाच्या धक्क्यावरून न्यू ऑर्लीन्सला गेली. काही जण आधीच झाडीत पळाले, म्हणून वाचले.

अलेक्झांड्रियाचा धक्का म्हणजे तोच, जिथे आपण दर वर्षी पाहुण्यांना आइसक्रीम खायला नेतो.

“आपण तेव्हा होतो कुठे?” कुठे होतो तेही पाहू. १८३८ मध्ये पेशवाई जाऊन वीस वर्षं झाली होती. पेशवे दफ्तरात कुणबिणींच्या खरेदीविक्रीच्या नोंदी आहेत. घरकामाला, कोठीवर, नाटकशाळेला विकत घेतलेल्या बायका. गोव्यात तर मोझांबिकहून आणलेली माणसं भर बाजारात लिलावाला उभी राहत. हिंदुस्थानात कंपनीच्या मुलखात गुलामीला कायद्याचा आधार उरणार नाही असा कायदा झाला तो १८४३ मध्ये. आपल्यातल्या बऱ्याच घरांत कुलवृत्तांताचं जाडजूड पुस्तक आहे. माझ्याकडेही आहे, तीन पिढ्या इकडेतिकडे झाल्या तरी पान उघडून मुलांना दाखवतो. त्यात एकाही कुणबिणीचं नाव नाही.

कुलवृत्तांतावरून आठवलं. विकलेल्या माणसांचे वंशज आज ओळखू येतात ते फादरांच्याच वह्यांमुळे. बाप्तिस्म्याच्या, लग्नाच्या, मयताच्या नोंदी, विक्रीची यादी, जहाजाची यादी. जॉर्जटाऊनच्या एका माजी विद्यार्थ्याने वंशावळी शोधणाऱ्या जाणकारांना हाताशी धरलं आणि हजारो वंशजांपर्यंत माग लागला. बरेच जण लुइझियानातल्या मारिंग्वाँ नावाच्या छोट्या गावात आणि आसपास होते. त्यातले पुष्कळ अजून कॅथलिकच, आणि आपली माणसं कुणी विकली याचा पत्ता बहुतेकांना नव्हता. आपल्याकडे आडनाव आणि गाव सांगितलं की दुसऱ्याच मिनिटाला ‘अमक्याचे कोण तुम्ही?’ सुरू होतं. या लोकांना ते उत्तर मिळायला पावणेदोनशे वर्षं लागली.

विद्यापीठाला जाग आली ती पोरांमुळे. २०१५ मध्ये मलेडी हॉल नावाची इमारत डागडुजी करून वसतिगृह म्हणून उघडली. मुलांनी विचारलं, या माणसाच्या नावाखाली आम्ही झोपायचं? अध्यक्षांच्या कचेरीबाहेर ठिय्या दिला. नाव गेलं. २०१७ च्या एप्रिलमध्ये इमारतींचं पुन्हा नामकरण झालं. मलेडी हॉलचा झाला आयझॅक हॉकिन्स हॉल, यादीतलं पहिलं नाव. मॅकशेरी हॉलला नाव मिळालं ॲन मरी बेक्राफ्ट यांचं. १८२० च्या दशकात याच गावात कृष्णवर्णीय मुलींसाठी शाळा काढणारी ही तरुणी पुढे सिस्टर झाली. (सावित्रीबाईंची आठवण तुम्हाला झालीच असणार, मी वेगळं सांगत नाही.) त्याच दिवशी विद्यापीठाने आणि येशूसंघाने वंशजांसमोर माफी मागितली. वंशजांच्या मुलांना प्रवेशाच्या वेळी माजी विद्यार्थ्यांच्या मुलांसारखंच झुकतं माप द्यायचं २०१६ मध्येच ठरलं होतं.

आणि ती फोटोतली हीली हॉल? १८७४ ते १८८२ अध्यक्ष असलेले फादर पॅट्रिक हीली यांच्या नावाची ती. त्यांना कॉलेजचे दुसरे संस्थापक म्हणतात. बाप आयरिश मळेवाला आणि आई त्याची गुलाम, त्यामुळे जॉर्जियाच्या कायद्याने जन्मतः हेही गुलाम. बेल्जियममध्ये लूव्हेनला डॉक्टरेट केली. वर्णाने उजळ, तेव्हा जग त्यांना गोरा समजत राहिलं आणि त्यांनी समजू दिलं. अशा माणसाने बांधलेल्या कॉलेजात पदवीच्या वर्गात पहिला कृष्णवर्णीय विद्यार्थी आला १९५० मध्ये. हे मला कुणी टूरवर सांगितलं नव्हतं. मुलीने सांगितलं, त्याच पायऱ्यांवर बसून, सँडविच खाता खाता.

आता पत्राच्या मथळ्यातला आकडा. २०१९ च्या एप्रिलमध्ये पदवीच्या विद्यार्थ्यांनी मतदान घेतलं. प्रस्ताव असा की प्रत्येकाने दर सत्राला २७.२० डॉलर जास्त फी भरायची आणि तो पैसा वंशजांच्या कामाला द्यायचा. २७२ माणसं, म्हणून सत्तावीस डॉलर वीस सेंट. २,५४१ बाजूने, १,३०४ विरुद्ध. अठरा-एकोणीस वर्षांच्या पोरांनी स्वतःच्या फीमध्ये वाढ मागून घेतली. फी वाढली की आपल्या ग्रुपवर काय लिहिलं जातं ते आठवा.

विरोधात मत देणाऱ्यांचं म्हणणंही मला समजतं. माणसं विकली संस्थेने, तर भरपाई संस्थेने द्यावी, आजच्या पोरांवर का बसवता? शिष्यवृत्तीवर आलेल्या पोराने का भरायचं? हा मुद्दा खोटा नाही. विद्यापीठाने मग त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये मधला मार्ग काढला. सक्तीची फी नाही, वर्षाला सुमारे चार लाख डॉलर देणग्यांतून उभे करू म्हणाले. ज्यांनी हो म्हणून मत दिलं होतं त्यांतल्या बऱ्याच जणांना यात चलाखी दिसली. मलाही थोडी दिसते. पोरांनी स्वतःच्या खिशातून देणं मान्य केलं होतं, संस्थेने ते ऐच्छिक करून टाकलं. पण मग येशूसंघाने २०२१ मध्ये वंशजांसोबत प्रतिष्ठान काढून दहा कोटी डॉलरचं वचन दिलं. २०२३ मध्ये त्यात २ कोटी ७० लाख आले, त्यांतले एक कोटी विद्यापीठाचे. सगळे वंशज खूश आहेत असं नाही. काहींना वाटतं आमच्याशी न बोलता काही जणांशी बोलणी झाली, काहींना शिष्यवृत्त्यांपेक्षा रोख भरपाई हवी. त्यांच्या घरातलं भांडण त्यांचं, त्यात मी पडत नाही.

मग आपलं काय? आपण इथे आलो ते तयार घरात राहायला. इथली विद्यापीठं, इथले रस्ते, इथले नियम, सगळं आयतं मिळालं. जॉर्जटाऊनच्या पदवीची जी पत आहे ना, जी पाहून आपण पोरांना तिथे घालतो, ती २३० वर्षांत जमलेली आहे. त्यातली काही वर्षं त्या यादीवर तरली. पत घेताना आपण पावती मागत नाही, आणि देणं निघालं की ‘आपण होतो कुठे’ म्हणतो. वडिलांचं घर हवं पण घरावरचं कर्ज नको, असं भाऊबंदकीच्या दाव्यात कुणी म्हणालं तर आपणच त्याला नावं ठेवू.

माझं मागणं फार नाही. एक, पुढच्या वर्षी पडद्यावर जॉर्जटाऊनची जी स्लाइड येईल तिच्यावर रँकिंगच्या खाली १८३८ असू द्या आणि चारऐवजी सात मिनिटं द्या. दोन, आपल्या मंडळातल्या आमच्यासह पाच घरांची मुलं सध्या तिथे आहेत. विद्यापीठाने सक्ती केली नाही म्हणून आपल्याला कुणी अडवलेलं नाही. दर सत्राला मुलामागे २७.२० डॉलर आपण वंशजांसाठीच्या निधीला पाठवू. आमचे मी या जानेवारीत पाठवले. वडापावच्या एका संध्याकाळचा खर्चही त्याहून जास्त येतो. तिसरं जरा वेगळं आहे. यंदाची सहल पुन्हा न्यूटाऊन नेकलाच ठेवा. कयाक, कणसं, सगळं असू द्या, पोरांची मजा कशाला घालवायची. फक्त जेवणाआधी अर्धा तास त्या चर्चच्या आवारात थांबू. आत मिस्सा चालू असेल तर बाहेर झाडाखाली. करारातली नावं मी छापून आणीन, वयं आणि नात्यांसकट. यादी लांब आहे, एकट्याच्या घशाचं काम नाही, चारपाच जण लागतील. मुलगी पहिलं पान वाचायला तयार आहे. ज्यांचा आवाज खणखणीत आहे त्यांनी मला कळवावं. गणपतीत आरतीला सगळ्यांत मोठ्याने म्हणणारे कोण, ते मला ठाऊक आहे, पण स्वतःहून कळवलंत तर बरं.

कळावे,
आपला,
मंडळातला एक बाप
(फोटोत कणसांची पिशवी धरून उभा असलेला)